शिळं पाणी, शिळं पान

सोलापुरात गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की शेजारीण नाव-गाव नंतर विचारते. आधी सांगते, आपल्याकडं पाणी कधी येतं. इथला आठवडा वारांवर चालत नाही, पाण्याच्या पाळीवर चालतो. पाळी आली की पिंपं, बादल्या, पातेली, वेळ पडली तर परातसुद्धा भरून ठेवायची. आणि पाळीच्या आदल्या संध्याकाळी उरलेलं पाणी शिळं झालं म्हणून ओतून द्यायचं, पिंप घासून पालथं घालायचं. पाण्याला महाग असलेल्या गावानं भरलेलं पाणी ओतून द्यावं, हे बाहेरच्याला वेडेपणाचं वाटतं. पण शिळ्यावर ताजं भरायला इथल्या बायांचं मन घेत नाही, त्याला कोण काय करणार!

ही पाळी सांगायचं काम गेली काही वर्षं श्रीशैल करायचा. पंचेचाळिशी ओलांडलेला, साखर पेठेत राहणारा माणूस. आधी तो कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका बनवायचा. लोक पत्रिका मोबाईलवर पाठवायला लागले तसा धंदा बसला आणि तो जोतिरामच्या बातम्यांच्या वेबसाइटवर कामाला लागला. तिथल्या बातम्या कोण वाचायचं देव जाणे, पण श्रीशैलनं सुरू केलेलं 'आज पाणी कुठं' हे पान सगळं गाव उघडायचं. कुठल्या पेठेला, कुठल्या नगराला, सकाळी की दुपारी, सगळं त्यात. उभ्या आयुष्यात त्याला एवढा भाव कुणी दिला नव्हता. मंडईत बाया एकमेकींना हळूच म्हणायच्या, "हेच की ते, पाण्याचं सांगतेत." त्या दिवशी गडी मेथी न निवडता, देईल ती जुडी घेऊन छाती काढून घरी यायचा.

उन्हाळा लागला आणि सर्व्हर धापा टाकू लागला. संध्याकाळ झाली की सगळं गाव एकदम ते पान उघडायचं, आणि सर्व्हर प्रत्येकासाठी ते नव्यानं तयार करून द्यायचा. स्वस्तातला सर्व्हर तो, किती दम धरणार? मान टाकायचा. जोतिराम वयानं लहान, श्रीशैलला अण्णा म्हणायचा, पण मालक तो मालक. एक दिवस त्यानं बोलून टाकलं.

"अण्णा, जाहिरातवाले कुरकुर करायलेत. ह्या उन्हाळ्यात साइट उभी ऱ्हायली तर ठीक. न्हाय तर पुण्याच्या कंपनीला देऊन टाकतो. मग तुमाला ठिवून मी काय करू?"

"कॅश लावून बगतो, मालक."

"कॅश असती तर मोठा सर्व्हरच घेतला असता की!"

ही कॅश पैशाची नव्हे हे समजावण्यात श्रीशैलचा चहा गार झाला. पान एकदाच तयार करायचं, तयार प्रत राखून ठेवायची, आणि मागेल त्याला तीच द्यायची. घरात कडक भाकऱ्या करून ठेवतात तसं. पाहुणा आला की पुन्हा चूल पेटवायला नको. सर्व्हरवर त्यानं तेवढं केलं आणि साइट सावरली, पण जराशीच. ह्या वयात दुसरीकडं कोण घेणार, ही धास्ती त्याला खात होती. मग व्हिडिओ बघता बघता त्याला आणखी एक सेटिंग सापडलं. प्रत लोकांच्या मोबाईलमध्येच ठेवून द्यायची. एकदा पान उघडलं की मोबाईल आठवडाभर सर्व्हरला विचारायलाच येणार नाही, स्वतःजवळचीच प्रत दाखवणार. आठवडाच का? तर पाळ्यांचं वेळापत्रक आठवड्याचं असतं म्हणून. फोटोंना असली मुदत चालते, पण कधीही बदलू शकणाऱ्या पानाला ती लावायची नसते. व्हिडिओतल्या माणसानं हे सांगितलंही असेल. श्रीशैलनं नेमका तेवढाच भाग पुढं ढकलला असणार.

पान बोट टेकताच उघडू लागलं. सर्व्हर गार पडला. जोतिरामनं पाठीवर थाप मारली.

मग कुठंतरी पाईप फुटला आणि सगळ्या पाळ्या एक दिवस पुढं गेल्या. उन्हाळ्यात हे व्हायचंच. श्रीशैलनं कळल्याबरोबर नवं वेळापत्रक चढवलं, सर्व्हरवरची जुनी प्रत पुसली, पान ताजं करून बघितलं आणि निवांत मनानं घरी निघाला. गल्लीत शिरतो तर शिवबाई पायरीवर बसून पिंप घासत होती. शिवबाई त्याची शेजारीण, सत्तरीची, एकटी राहणारी. गल्लीतल्या ज्या बायांना वाचता येत नव्हतं त्यांना श्रीशैलचं पान हीच मोठ्यानं वाचून दाखवायची. तिनं ओतलेलं पाणी गटारातून वाहत होतं.

"अक्का, उद्या न्हाय पाणी. परवा हाय."

"आरं, तुज्याच पानावर उद्या लिव्हलंय की!" तिनं ओल्या हातानं मोबाईल पुढं केला.

पान झटक्यात उघडलं. जुनं. सर्व्हर स्वच्छ होता, चूक गावाच्या खिशाखिशात जाऊन बसली होती आणि दिलेली प्रत परत मागवायची सोय नव्हती. मुदत संपेपर्यंत ते मोबाईल सर्व्हरला विचारायला येणार नव्हते. श्रीशैलनं उभ्या उभ्या शिवबाईच्या मोबाईलमधली प्रत पुसली, मग दारोदार जाऊन गल्लीतल्यांची पुसली. गल्ली झाली, गाव राहिलं. पानावर लाल अक्षरांत सूचना टाकली. पण सूचना दिसायला नवं पान तर दिसायला हवं! पानाचा पत्ता बदलून बघितला, तर लोक सवयीनं जुन्याच पत्त्यावर. व्हॉट्सॲपवर खुलासा टाकायला गेला, तोवर त्याच्याच पानाचे फोटो 'उद्या नक्की' म्हणून फिरत होते.

घरी येऊन त्यानं बायकोला, धनलक्ष्मीला, विचारलं, "आपलं पाणी वतलं काय?"

"न्हाय की. पाण्याची चावी सोडणाऱ्याला इचारल्याबिगर मी कदीच वतत न्हाय."

"माज्या पानावर इसवास न्हाय व्हय तुजा?"

"राग धरू नका," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

घरच्या बाईनं त्याचं पान एकदाही खरं मानलं नव्हतं, आणि गल्लीत तिचंच तेवढं पिंप भरलेलं होतं. श्रीशैलला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी गावभर कोरडी पिंपं आणि श्रीशैलला शिव्यांचे फोन. साइट टँकरवाल्यांना सामील आहे, इथपर्यंत लोकांची मजल गेली. शिवबाईनं शिवी दिली नाही. धनलक्ष्मी भरली कळशी घेऊन गेली तर तिनं ती दारातूनच परत पाठवली, आणि वाटणी झाल्यापासून जिच्याशी बोलत नव्हती त्या पलीकडच्या गल्लीतल्या जावेच्या दारात तांब्या घेऊन उभी राहिली. श्रीशैल हात जोडून माफी मागायला गेला.

"माज्या तोंडाकडं बगून वतलं रे बायांनी," ती म्हणाली. "आता सकाळपासनं एकेक येऊन इचारायलीय. काय सांगू त्यास्नी? नीरू इल्ला? पाणी न्हाय?"

ह्या माणसानं कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, आणि तेवढ्यानं कुणाची तहानही भागत नव्हती.

यथावकाश मोबाईलमधल्या प्रतींची मुदत संपली. श्रीशैलनं सर्व्हरवरची आणि मोबाईलवरची, दोन्ही सेटिंगं आधीच काढून टाकली होती. आता प्रत्येक जण पान उघडेल तेव्हा सर्व्हरकडून ताजंच मिळणार. संध्याकाळी तो धास्तावून बसला, सर्व्हर पुन्हा मान टाकणार म्हणून. नाही टाकली. दुसऱ्या संध्याकाळीही नाही, आणि तिसऱ्या संध्याकाळी त्यानं भीत भीत वाचकांचे आकडे उघडले. बूँद से गई वो हौद से नहीं आती म्हणतात, ते उगीच नाही. भर मे महिन्यात जेमतेम मूठभर लोक पान उघडत होते, आणि त्यातला एक तो स्वतः होता.

जोतिरामनं खुर्ची ओढली आणि ते आकडे बघितले. तो चिडला नाही. चिडला असता तर श्रीशैलला बरं वाटलं असतं.

"पुण्याच्या कंपनीला नगं म्हणून कळवलंय, अण्णा," तो म्हणाला. "तुमीच ऱ्हावा. एवढ्या लोकांना आपला सर्व्हर लई झाला."

श्रीशैल बरं म्हणाला, आणि उद्याच्या पाळ्या चढवायला बसला.