फैजपूरचं खारं पाणी

फैजपुरात कुणाला घरी फिश टँक ठेवायचा असला, की आधी हितेंद्रभाऊंना बोलावणं जायचं. ते केळीच्या पॅकिंग हाउसवर वजनकाटा सांभाळतात आणि संध्याकाळी लोकांचे टँक लावून देतात. दोन दवाखान्यांतले आणि एका सराफाच्या दुकानातले मासे त्यांच्या हातचे. समुद्राच्या जीवांबद्दल त्यांचं एक मत होतं. इथल्या उन्हाळ्यात ते जगत नाहीत, असं ते सांगत आणि त्यावर पुढे कुणी विचारत नसे.

मोटार रिवाइंडिंगचं दुकान असलेल्या धम्मपालने तर सुरुवातीलाच विचारलं नाही. त्याचा मेहुणा मुरुडला नोकरीला आहे. त्याने कॅन भरून समुद्राचं पाणी पाठवलं, वाळू पाठवली, ओहोटीच्या खडकांतून पकडलेले बोटभर मासे, कोळंब्या आणि शंखात राहणारे खेकडे पाठवले. धम्मपालने पंप बसवला आणि घरातला एकुलता कूलर टँककडे वळवला. जीव जगले. रविवारी लोक पोरांना घेऊन पाहायला येऊ लागले. वजनकाट्यावर ट्रॅक्टरवालेसुद्धा तेच बोलत. हितेंद्रभाऊंनी घरी जायची गल्ली बदलली.

मे महिन्यात मात्र त्यांना राहवलं नाही. धम्मपालच्या बायकोने, प्रज्ञाने, चहा दिला आणि कूलर आता खेकड्यांचा, आम्ही टेरेसवर, असं हसत सांगितलं. टँक सुरेख होता. खेकडे वाळूवरून शंख ओढत चालले होते. असं काही आपल्या हातून कधी झालं नाही, हे भाऊंना तिथे उभ्या उभ्या कळलं आणि ते झोंबलं.

मग त्यांना काचेच्या वरच्या कडेला मिठाचा पांढरा थर दिसला. कूलरच्या वाऱ्याने पाणी भराभर उडत होतं आणि धम्मपाल ती घट रोज कॅनमधल्या समुद्राच्या पाण्याने भरून काढत होता. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. त्यात रोज नवं मीठ पडत होतं. घट साध्या पाण्याने भरायची असते. एवढं एक वाक्य सांगायचं होतं. भाऊंनी टँकची तारीफ केली, चहा संपवला आणि निघाले.

आधी कोळंब्या गेल्या, मग मासे. हितेंद्रभाऊ बोलले होते, असं गाव म्हणू लागलं. लोक पुन्हा त्यांना थांबवून विचारू लागले. एक खेकडा उरला तेव्हा धम्मपाल तो बादलीत घालून त्यांच्याकडे घेऊन आला.

"सगळे मरून राहिले, भाऊ. का, ते कळत नाही."

"उन्हाळा," भाऊ म्हणाले.

खेकडा त्यांनी ठेवून घेतला आणि मागच्या खोलीत एका टबमध्ये सोडला. रोज थोडं थोडं साधं पाणी घालत त्यांनी खारेपणा उतरवला. काही दिवसांनी धम्मपालने चौकशी केली तेव्हा तो मेला म्हणून सांगितलं. खेकडा मजेत होता. पाहुणे आले की टबवर गोणपाट पडे. धम्मपालकडे होता तेव्हा हाच खेकडा सारं गाव पाहायला जात होतं, ही गोष्ट मात्र भाऊंच्या डोक्यातून जात नव्हती.

दिवाळीच्या सुमारास खेकड्याला शंख पुरेना. तो अर्धा बाहेर राही आणि टबचा कोपरान् कोपरा चाचपडत फिरे. बाजारातले रंगवलेले शंख त्याने उलटेपालटे केले आणि सोडून दिले. चांगले शंख होते ते धम्मपालच्या रिकाम्या टँकमध्ये.

भाऊ गेले. प्रज्ञा दारातच बसली होती, धम्मपाल आत मोटार उघडून बसला होता.

"एक शंख दे. आहे त्याहून मोठा."

"कशाला?"

"तो वाढला."

धम्मपालने पाना खाली ठेवला. "पाणी कुठलं घालता?"

"घट साध्या पाण्याने भरतो. मीठ उडत नाही."

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

भाऊंची नजर रिकाम्या टँकच्या पांढऱ्या कडेवर गेली. धम्मपालने टँकमधले सगळे शंख गोळा केले, पिशवीत भरले आणि चपला घातल्या.

"चला," तो म्हणाला. "त्याला कुठला येतो, ते मी बघतो."