हिरव्या दोऱ्याची विडी

आम्हा विडी वळणाऱ्या बायकांची भिशी होती. प्रत्येकीने आपल्या रंगाचा दोरा बांधलेली विडी डब्यात टाकायची. जिची निघेल तिला त्या महिन्याचे पैसे.

पोट पाडायला सरकारने नुकतीच परवानगी दिली होती. पण कायदा काय दवाखान्याचा खर्च देतो होय? भिशीतल्याच माझ्या शेजारणीला पाचवं मूल नको होतं आणि कुणाकडे मागणारी ती नव्हे.

भिशीच्या दिवशी मी डब्यात हात घातला आणि माझी विडी मुठीतच ठेवून बाहेर काढला. वाटलं, तेवढीच तिच्या आड येणारी एक कमी.

आमच्यातल्या म्हातारीने विडी काढायला आत चाचपलं, मग डबा सुपात उपडा केला. एकच विडी पडली, शेजारणीच्या हिरव्या दोऱ्याची.

मी इकडंतिकडं बघितलं. सगळ्यांच्या मुठी पदराखाली होत्या.