थंडी सरली, कासमची गाडी काढा!

गॅरेजमधले किस्से वाळूसारखे असतात. रोज झाडा, कोपऱ्यात थोडे उरतातच. रियाधमध्ये अल मलाझच्या मागच्या गल्लीत मी बरीच वर्षं हेड मेकॅनिक होतो. आज कोपरा झाडायला घेतलाय. ऐका.

तिकडे थंडी चांगली पडते. चार महिने एसीला कोणी हात लावत नाही. मग मार्चमध्ये एक दिवस ऊन तापतं आणि सगळं शहर त्याच सकाळी आमच्या दारात!

एक नागपूरकर साहेब आले, तापलेले. "एसी बिघडवलात तुम्ही! कालपर्यंत चालत होता!"

आमचा एसीवाला यशवंत, साताऱ्याचा. त्यानं शांतपणे विचारलं, "काल म्हणजे कधी?"

"दिवाळीत!"

* * *

अरब लोक थंडीत वाळवंटात जाऊन राहतात. तंबू, गालिचे, कोळसा, सगळं गाडीत. थंडी सरली की ती गाडी आमच्याकडे येते आणि आम्ही आधी फावडं घेतो.

एका म्हाताऱ्या शेखची तक्रार होती, मागून टकटक आवाज येतो. मी शॉकॲब्सॉर्बर बघितले, बुश बघितले. अर्धा दिवस गेला. शेवटी यशवंतनं स्टेपनी उचलली. खाली कॉफीचं पितळी भांडं!

शेखनं ते छातीशी धरलं. "माझ्या वडिलांचं! मी नोकराला चोर म्हटलं!" आणि तडक निघाला. नोकराची माफी मागायला.

मी हाक मारली, "अहो, गाडी?"

"खलास! गाडी राहू दे!"

आठवडाभर गाडी आमच्याकडे. शेख आला तेव्हा नोकर त्याच्या शेजारी बसून होता.

* * *

आता कासम. रत्नागिरीकडचा. आमच्याच कफीलच्या, म्हणजे अरब मालकाच्या, गोदामात हेल्पर. ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. त्यानं कफीलकडून एक जुनी गाडी घेतली होती. गाडी बारा वर्षांची, पण सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक तसंच! थंडीभर ती गॅरेजमागे ताडपत्रीखाली उभी होती.

मार्चमध्ये कासम धावत आला. "तात्या, आई येतेय! गावच्या जथ्यातून, मामाबरोबर. उमऱ्याला, मक्का-मदिनेच्या यात्रेला!"

मजुराच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, घरच्यांना बोलावता येत नाही. चार वर्षं त्यानं आईला पाहिलं नव्हतं. आई जेद्द्याला उतरणार, तिथून जथा बसनं मदिनेला. पण आईला बस सोसत नाही. रत्नागिरीपर्यंत जायचं तरी ओकून ओकून अर्धी होते. म्हणून कासमला तिला स्वतःच्या गाडीतून न्यायचं होतं.

"तात्या, जेद्द्यापर्यंत जाईल ना?"

"जाईल."

"पुढे मदिना?"

"जाईल."

"आणि परत रियाधला?"

"आधी ताडपत्री काढ."

* * *

ताडपत्री काढली. बॉनेट उघडलं. इंजिनवर मांजर! आणि चार पिल्लं.

मी म्हटलं, "उचल आणि बाजूला ठेव."

कासम आडवा आला. "नको तात्या. डोळे उघडले नाहीत अजून. माझ्या आईसाठी हिला घराबाहेर काढू?"

दिवस थोडे होते. बेल्ट बदलायचा, रेडिएटरचे पाइप बदलायचे, बॅटरी बघायची, आणि हा मांजराला सार्डिनचे डबे फोडून देतोय! मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

चौथ्या सकाळी बॉनेट रिकामं. मांजरीनं पिल्लं हलवली होती. कुठे? कफीलच्या नव्याकोऱ्या जीपमध्ये. काच उघडी राहिली होती.

कफीलनं आत डोकावून पाहिलं. 

"यल्ला, चला," तो म्हणाला, "हिचाही इकामा काढा!"

* * *

मग मी गाडीला हात घातला. माझ्या हातची गाडी रस्त्यात उभी राहत नाही. यशवंतनं एसी असा केला की त्याला स्वतःलाच शिंका आल्या.

कासमनं गाडी धुतली. त्याच दुपारी धुळीचं वादळ आलं. पुन्हा धुतली. पुन्हा वादळ. तिसऱ्यांदा तो बादली घेऊन निघाला तेव्हा यशवंत म्हणाला, "कासमभाई, तू बादली उचललीस की वादळाला फोन जातो बघ!"

आतून मात्र त्यानं कण ठेवला नाही. दातांच्या ब्रशनं फटी साफ केल्या. पायाखाली पांढरा गालिचा घातला.

मी म्हटलं, "ते प्लास्टिक काढ. उन्हात अंगाला चिकटतं."

"नको तात्या. नवी वाटते."

"बारा वर्षांची गाडी नवी?"

"आईनं कुठे दुसरी पाहिलीय?"



* * *

निघायच्या आधी ट्रायल घेतली. कासम म्हणाला, "तात्या, मागे बसा. आईच्या जागी."

बसलो. हा बैलगाडीच्या चालीनं निघाला. खड्डा दिसला की थांबतो, वळसा घालतो, मागे बघून विचारतो, "पोटात ढवळत नाही ना?"

मागे हॉर्नवर हॉर्न. शेवटी पोलिसानं अडवलं. "इतकी हळू का?"

कासमनं मोडक्यातोडक्या अरबीत खरं ते सांगितलं. "आईला नेतोय. तिला गाडी लागते."

पोलिसानं मागे डोकावलं. मी मिशीला पीळ देत बसलो होतो.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्यानं सॅल्यूट केला आणि म्हणाला, "सांभाळून ने."

* * *

कासम गेला. पुढचं त्यानं फोनवर सांगितलं तेच सांगतो, कारण मदिनेत आम्हा बिगरमुसलमानांना जाता येत नाही.

दोन दिवस मी फोन खिशात ठेवून काम केलं. दुसऱ्या संध्याकाळी वाजला.

"तात्या!"

"काय बंद पडलं?"

"काही नाही. मदिनेत पोचलो!"

"आई ओकली?"

"झोपली, तात्या! विमानतळावरून निघालो, तिनं सीटवरून हात फिरवला, गालिच्याकडे बघितलं, आणि पाय वर घेऊन जी झोपली ती थेट इथे. एकदासुद्धा उतरली नाही!"

यशवंत शेजारी कान लावून होता. त्यानं पाना वर उडवला.

"मग आवाज का असा?" मी विचारलं.

"तात्या, आता दार उघडलं, तर आई अनवाणी. मी म्हटलं, आई, चपला कुठेत?"

"मग?"

"म्हणाली, दारात काढल्या ना, जेद्द्याला!"