उन्हावर जगणाऱ्या गोगलगायी

प्रयोगशाळेतला एसी बंद पडला, म्हणून बायकोने सहा समुद्री गोगलगायी काचेच्या टाकीसकट आमच्या व्हाइटफील्डच्या फ्लॅटमध्ये आणल्या. शंख नाही, आकार नखाएवढा, रंग कोथिंबिरीचा. या शेवाळ खातात, पण त्यातले हिरवे कण पचवत नाहीत. ते अंगातच ठेवून घेतात आणि मग उपाशीपोटी उन्हात पडून कित्येक आठवडे काढतात. उन्हाचा त्यांना नेमका किती उपयोग होतो, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. त्या भांडणावर आमचं अर्धं घर चालतं.

तेव्हा नागपूरहून सासूबाई आल्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. “जावईबापूही दिवसभर पडूनच असतात. ते का नाही हिरवे होत?”

बायको ताजं शेवाळ आणायला चार दिवस किनाऱ्यावर गेली. पाणी कमी झालं तर फोन कर, एवढंच तिने बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी पाणी दोन बोटं उतरलं. एवढ्यासाठी काय फोन करायचा? समुद्र खारट असतो हे मलाही माहीत होतं. तिने टाकीसाठी आणून ठेवलेल्या पुड्यातलं मीठ तांब्याभर पाण्यात कालवून मी टाकीत ओतलं. दुपारपर्यंत साही जणी सुकलेल्या पुदिन्यासारख्या आक्रसल्या.

सासूबाईंनी टाकीत बोट बुडवून सरळ चाटलं. यात गोगलगायींची घाणही असते, असं मी म्हणेपर्यंत उशीर झाला होता.

“हे समुद्राचं नाही, लोणच्याचं पाणी आहे,” त्या म्हणाल्या. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. आमटी आटली की आपण वरून आणखी मीठ घालतो का, असं त्यांनी मला विचारलं. मी इंजिनिअर आहे. मी उठून वाटी आणली.

संध्याकाळपर्यंत आम्ही वाटीवाटीने फिल्टरचं पाणी घालत होतो. मी घाई केली की भाजीवालीकडून उचललेल्या कानडीत त्या दटावत, “स्वल्प, स्वल्प.” थोडं थोडं करत पाच जणी उलगडल्या. सहावी नाही उलगडली.

दुसऱ्या दिवशी बायको आली. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी सांगून टाकलं, की खारं पाणी आपणच घातलं, आपल्याला काय कळतंय त्यातलं. मी ते चालवून घेतलं. जेवण होईपर्यंत चालवून घेतलं, हेही सांगायला हवं. मग भांडी घासताना बायकोपाशी कबूल केलं.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “आई विचारल्याशिवाय हात लावत नाही. तू विचारत नाहीस.” मग तिने मेलेली गोगलगाय स्पिरिटच्या बाटलीत ठेवली आणि उरलेल्या पाच जणींना नवं शेवाळ घातलं.

सकाळी मी सासूबाईंना विचारलं, माझी चूक अंगावर का घेतली?

“माझ्यावर ती एक दिवस रुसली असती,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावर रुसली, की महिनाभर फोनवर मला ऐकावं लागतं.”