माळावर नसलेली झाडी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि जिच्याजवळ पोटातलं सगळं ओकते त्या बहिणीलाही नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नाही, अशी स्वतःची समजूत घालत राहिले. कुणाचा जीव घेतला नाही, कुणाच्या घरात शिरून चोरी केली नाही. एका प्रबंधातला एक निष्कर्ष – तोही शंभर वर्षांपूर्वीच्या झाडांबद्दल. तेव्हाच्या झाडांबद्दल कुणी खोटं लिहिलं, तर आज कुणाचं काय बिघडतं? तुम्हीही हेच विचाराल. मी तर कितीदा विचारलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता आणि जो तो एकच बोलत होता – झाडं तोडली म्हणून पाऊस गेला, आता झाडं लावा. अशात एक वन अधिकारी कॉलेजात आले. सांगोल्याकडच्या उघड्याबोडक्या माळांवर पूर्वी कसली झाडी होती, किती दाट होती, हे कुणी शोधून देईल का, असं त्यांचं म्हणणं होतं. जिथं जंगल होतं, तिथं पुन्हा जंगल उभं करायचं. मी हात वर केला. मला पीएच.डी.ला विषय हवा होता, आणि माझ्याकडे एक गोष्ट होती जी आमच्या विभागात दुसऱ्या कुणाकडे नव्हती – मला मोडी वाचता येत होती. वडील वकिलाकडे कारकून. सुट्टीच्या दिवशी शेजारी बसवून त्यांनी ती शिकवली होती.

मोडीचा इथं काय संबंध? सांगते. इंग्रजी अमलात जमिनींची पहिली मोजणी झाली, तेव्हा प्रत्येक शेताचं एक टिपण काढलं गेलं. टिपण म्हणजे शेताचा हातानं काढलेला आराखडा, त्यावर साखळीनं मोजलेली अंतरं. त्या भागात मोजणी करणारा जो कोणी होता, त्याला एक चांगली सवय होती. शेताच्या कोपऱ्यावर हद्दीचा दगड रोवला की सगळ्यात जवळचं झाड कोणतं आणि ते दगडापासून किती लांब, हे तो टिपणात लिहायचा. उद्या कुणी दगड हलवला, तर झाडावरून जागा सापडावी म्हणून. त्यानं ते भांडणं टाळायला लिहिलं असणार. मला त्यातून जंगल मोजायचं होतं. हिशेब तसा सरळ आहे – दगडापासून झाड जितकं जवळ, तितकी झाडी दाट.

मोजणी कार्यालयातल्या त्या खोलीत मी दोन उन्हाळे घालवले. नाकात धूळ, बोटांना कागदाचा चुरा. पण खरं सांगू? तितकी सुखी मी नंतर क्वचितच झाले असेन. बाभूळ, लिंब, हिवर, बोर, पळस – एकेक नाव मोडीच्या गुंत्यातून सुटायचं आणि डोळ्यांसमोर झाड उभं राहायचं. पुण्याचे माझे मार्गदर्शक सर पत्रातून पाठ थोपटायचे. असं काम आपल्याकडे कुणी केलेलं नाही, असं ते लिहायचे. मला ते वाक्य फार आवडायचं.

अडचण एकच होती. पुष्कळ कोपऱ्यांवर झाडाचं नावच नव्हतं. दगड होता, अंतरं होती, झाडाची जागा मोकळी. मी काय केलं, तर ते कोपरे ‘नोंद उपलब्ध नाही’ म्हणून बाजूला ठेवले आणि ज्यांवर झाड होतं तेवढेच हिशेबात धरले. तोवर ती चूक होती, प्रामाणिक चूक. टिपण काढताना माणूस कंटाळला असेल, ऊन चढलं असेल, साहेबानं घाई केली असेल – मला तसंच वाटलं. कागदावर माणूस अशा चुका करतो. उत्तर आलं ते घसघशीत होतं. माळावर दाट म्हणावी अशी झाडी होती, असं ते उत्तर सांगत होतं.

मग पडताळणीसाठी मी त्या माळावर गेले. म्हाळाप्पामामांची ओळख तिथंच झाली. वय साठीच्या पुढचं, डोक्याला विटलेलं पागोटं, अंगावर घोंगडं. त्यांची आणि भावकीची मेंढरं त्याच माळावर चरायची. मी काय मोजते, कशासाठी मोजते, हे त्यांनी विचारलं नाही. बाईमाणूस एकटी उन्हात साखळी ओढतेय हे त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी दुसरं टोक धरलं. दुपारी त्यांच्या बायकोनं, सुंदराबाईंनी, पालापाशी बसवून भाकरी, आमटी आणि दुधात कालवलेल्या कण्या वाढल्या. मी पोटभर जेवले.

एका टिपणात मला खटकणारी नोंद होती. माळाच्या अगदी मध्यावरच्या एका दगडापासून ‘लिंब’ – आणि अंतर असं की कुणालाही हसू यावं. तीन शेतं ओलांडून पलीकडे. लेखनिकानं आण्यांच्या जागी साखळ्या लिहिल्या असणार – आणा म्हणजे साखळीचा सोळावा भाग – असं मी धरून चालले होते. तरी तिथं पोचलोच आहोत, तर मोजून पाहावं म्हटलं. दगड सापडला, निम्मा गवतात गाडलेला. टिपणातली दिशा धरून आम्ही साखळी टाकत निघालो. साखळी उचलायची, पुढं टाकायची, पुन्हा उचलायची. माळ संपला, वस्तीची वाट लागली, आणि टिपणातला आकडा जिथं संपला तिथं विहिरीच्या काठावर एक लिंब उभा होता. इतका जुना की बुंधा आतून पोकळ झालेला.

मी त्या सावलीत बसले. आकडा बरोबर होता. त्या मोजणीदाराला माळावर एकही झाड दिसलं नव्हतं, म्हणून तो झाड शोधत थेट वस्तीपर्यंत चालत आला होता. एकदा आला. पुढच्या कोपऱ्यांपासून इतकं चालणं त्यालाही परवडलं नसणार, म्हणून तिथं त्यानं जागा मोकळी सोडली. मोकळी जागा म्हणजे राहिलेली नोंद नव्हती. मोकळी जागा म्हणजे झाड नाही. संध्याकाळच्या एसटीत मी गुडघ्यावर नकाशा पसरून झाडांच्या खुणा पाहिल्या, तेव्हा त्या सगळ्या ओढ्याच्या काठानं लागलेल्या निघाल्या. इतके दिवस मी त्या पाहिल्या नव्हत्या का? पाहिल्या होत्या – पण बघायच्या नव्हत्या. माळ पूर्वीही माळच होता. गवताचा, मेंढरांचा, माळढोकाचा.

पण एवढं नंतर, एसटीत. लिंबाखाली बसले होते तेव्हा म्हाळाप्पामामा साखळी गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळता त्यांनी मान वर न करता विचारलं –

“बाई, फारेष्टचं लोक म्हणत्यात हितं आदी झाडी व्हती. व्हती व्हय?”

इथं मला थांबावंसं वाटतं. कारण एसटीतला नकाशा अजून पाहिला नव्हता, म्हणून मला नक्की ठाऊक नव्हतं – असं इथं लिहून टाकणं फार सोपं आहे. पण मला ठाऊक होतं. साखळी संपली त्या क्षणी ठाऊक झालं होतं. मी म्हणाले, “होती, मामा. जुन्या कागदांत आहे.”

त्यांनी गुंडाळलेली साखळी माझ्या हातात दिली. मग म्हणाले, “कागदात हाय म्हंजी असंल की.”

सोलापूरला परतल्यावर काय करायला हवं होतं, हे सांगायची गरज आहे का? मोकळे कोपरे हिशेबात धरायचे. सरांना लिहायचं की उत्तर उलटं आलंय. प्रबंध वर्षभर लांबला असता, एवढंच. कदाचित तो जास्त चांगलाही झाला असता – हे मला आता वाटतं असं नाही, तेव्हाही वाटलं होतं. पण वन कार्यालयाला जंगल हवं होतं, सरांना जंगल हवं होतं, आणि मला तर सगळ्यांपेक्षा जास्त. माळावर माळच होता, हे कोण छापणार? मी मोकळे कोपरे होते तिथंच ठेवले. लिंबाच्या त्या अंतराखाली तळटीप दिली – ‘लेखनिकाची चूक, हिशेबातून वगळले.’ स्वतःच्या पायांनी तपासलेला तो एकच आकडा होता. मोडी वाचून मला कुणी खोटं पाडेल ही भीती नव्हती; परीक्षकांपैकी एकालाही ती येत नव्हती. त्यांनी माझ्या चिकाटीचं कौतुक केलं. घरी पेढे वाटले.

पुढचं सगळं रीतसर झालं. माळावर चर खणले, तारेचं कुंपण आलं, रोपं लागली, राखणदार बसला. मेंढरं आत शिरली की कोंडवाड्यात जाऊ लागली. हे मला कसं कळलं? मला बोलावलं होतं ना, पहिलं रोप लावायला. गळ्यात हार घालून फोटोही काढला. गर्दीच्या मागं घोंगडी पांघरलेली काही माणसं उभी होती, आणि त्यांत ओळखीचा चेहरा आहे का, हे मी पाहिलं नाही. रोपं बहुतेक जळून गेली. मुरमाड माळ, हाताच्या खोलीवर खडक – तिथं काय जगणार? कुंपण मात्र टिकलं.

त्यानंतर काही वर्षांनी श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेनं मला झाडांवर बोलायला बोलावलं. तोवर मी जिल्ह्यात ‘झाडांच्या बाई’ झाले होते. व्याख्यान संपवून जीपकडे निघाले, तर वाटेत ऊसतोडकऱ्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, लागल्या. एका कोपीपुढं उसाच्या वाढ्यांच्या ढिगावर म्हातारा बसला होता. मी ओळखलं नाही. त्यांनी हाक मारली, तेव्हा कळलं – म्हाळाप्पामामा. मेंढरं विकल्याचं त्यांनी सांगितलं – चाराच नाही म्हटल्यावर ठेवून करणार काय. मुलगा आणि सून फडावर जात होती, ते कोपी राखत होते. सुंदराबाई वारल्या होत्या. माझ्याविषयी त्यांच्या बोलण्यात काहीच राग नव्हता, आणि त्यानं मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवते.

मी निघू लागले, तसे ते उठले. काठी टेकत दोन पावलं माझ्याबरोबर आले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि ते बोलताना त्यांना लाज वाटत होती.

“त्या दिशी तुमी म्हणला झाडी व्हती. ती कुटं गेली, ह्ये न्हाय म्हणला. लई दिस इच्यार केला म्या. आमच्याच वाडवडलांच्या मेंढरांनी खाल्ली असणार, दुसरं कोण हाय तितं? तुमाला ठावं व्हतं. पर सुंदरीच्या हातचं जेवला व्हता, म्हून तोंडावर बोलला न्हाय. आमचं चुकलं, बाई.”

त्यांनी हात जोडले. मेंढरं गेली, माळ गेला, बायको गेली – आणि उरलं होतं ते मी दिलेलं पाप, जे त्यांनी इतकी वर्षं आपलं समजून सांभाळलं होतं. आता तर खरं सांगायला काहीच अडत नव्हतं. पदवी मिळाली होती, नोकरी कायम होती, त्या कोपीपुढं ऐकायलाही दुसरं कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. मामा, तिथं झाडी नव्हतीच.

मी त्यांचे जोडलेले हात खाली केले. म्हणाले, “जाऊ द्या मामा, झालं ते झालं.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना माफ केलं, असं त्यांना वाटलं. मग मी जीपमध्ये जाऊन बसले.