कुल्फीच्या डब्यातली चोच

माझ्या मुलाने त्याच्या मुलीच्या कुदळींच्या चोची कटरने कापून टाकल्या. दिवसाढवळ्या, उल्हासनगरच्या आमच्या कारखान्यात, माझ्या डोळ्यांदेखत.

कुदळी म्हणजे बर्फावर चढायच्या. चोच म्हणजे त्यांचं पुढचं दातेरी पातं. हिवाळ्यात हिमाचलात धबधबे गोठतात. दोन हातांत दोन कुदळी घ्यायच्या, चोची बर्फात ठोकायच्या आणि त्यांना लटकत वर चढायचं. माझी नात हे करते. कशाला करते ते मी तिला विचारलं नाही. मी ऐरणीसमोर उभी राहिले तेव्हा बदलापूरपासून इथपर्यंत सगळे विचारायचे, बाईमाणूस घण कशाला मारतं. मीही कुणाला उत्तर दिलं नव्हतं.

"आता कशी जातेस बघतो," मुलगा म्हणाला.

नातीने तुकडे उचलले आणि टेबलावर ठेवले. नवीन चोची बाहेरच्या देशातून मागवाव्या लागतात, त्या तिच्या जाण्याआधी येणार नव्हत्या. मुलाला ते माहीत होतं, म्हणून तर कापल्या.

"मी करून देते," मी म्हटलं.

तो हसला. "आई, तू पाथरवटांच्या छिन्न्या करतेस. छिन्नी तुटली तर पाथरवट तुला शिव्या देतो. ही तुटली तर माझी पोरगी खाली येईल."

"म्हणून तर मी करते. तू केल्यास तर मुद्दाम मोडक्या करशील."

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. नवऱ्याने उभी केली, तो गेल्यावर मी चालवली. मुलगा लेथ बघतो. घडाई आणि लोखंडाला पाणी देणं, म्हणजे तापवून विझवून कडक करणं, माझ्याकडे. शाळा माझी चौथीपर्यंत. लोखंड मी हातानेच शिकले, पण चोच कुठल्या लोखंडाची करायची हे मलाही ठाऊक नव्हतं. मी कधी बर्फावर चढले नाही, आणि नातीने कधी लोखंड घडवलं नाही.

आमच्याकडे सगळं ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून होतं. कोयता, पहार, छिन्नी, काहीही. रस्त्यावर वर्षानुवर्षं मार खाल्लेलं लोखंड, म्हणजे पारखलेलं, असं सगळे मानतात. मीही मानत होते. पहिली चोच मी कमानीची केली.

मग कॅम्प दोनमध्ये आमच्या पोलादवाल्याकडे गेले. सिंधी माणूस, तोंडाने तिखट पण मालात लबाडी नाही. "माई, एन एकतीस ले जाओ. बेअरिंगवाला माल. काँच पे लकीर मारेगा."

नात म्हणाली, "आजी, कंपनीच्या चोचीत क्रोम आणि मोलिब्डेनम असतं."

ती नावं मला कळली नाहीत, पण पोलादवाल्याला कळली. म्हणाला, "वो तो एन चौबीस में भी है, ऊपर से निकेल भी. पर वो शाफ्ट का माल है, माई. धार नहीं पकड़ेगा."

अंबरनाथच्या कारखान्यांतल्या प्रेसचे शाफ्ट मी पाहिलेत. आयुष्यभर धक्के खातात. "मला काय दाढी करायची आहे?" मी म्हटलं. "दोन्ही दे."

तीन लोखंडांच्या तीन चोची झाल्या. बाकीच्यांसारखी चोविसाचीही मी तेलात विझवली आणि परत तापवून कडकपणा थोडा उतरवला. शेडमध्ये तिन्हींवर हातोडा मारला. तिन्ही टिकल्या.

नात खूश झाली नाही. "आजी, तिथे इतकी थंडी असते की लोखंड ठिसूळ होतं. इथे टिकून काय उपयोग?"

इथे घाम निथळत होता. ती थंडी आणायची कुठून? घरच्या फ्रीजच्या आवाक्यातली नव्हती. मग गल्लीच्या तोंडाचा कुल्फीवाला आठवला. तो बर्फात खडं मीठ घालतो, तेव्हाच कुल्फी दगड होते. त्याचा मोठा डबा मागितला, बर्फ-मीठ भरलं आणि तिन्ही चोची त्यात पुरल्या.

"माई, नया साँचा है क्या?" तो आत वाकून म्हणाला.

"लोखंडाची कुल्फी आहे. खातोस?"

मुलगा लेथपाशी उभा राहून बघत होता. त्याला म्हटलं, "हातोडा तूच मार. तिन्ही तुटल्या तर ती जाणार नाही. तिची बॅग मी माझ्या हाताने सोडीन."

"आजी!" नात ओरडली.

"गप. तुटक्या चोचीवर मीसुद्धा तुला पाठवणार नाही."

पहिली कमानीची काढली. गोठलेली, हाताला चिकटत होती. वाइसच्या जबड्यात आवळली आणि मुलाने हातोडा घातला. खाड्कन दोन तुकडे. तुटल्या जागी एक काळी रेघ होती. ट्रकखाली असतानाच तडा गेलेला, वरून दिसत नव्हता. लोखंड पारखलेलं होतं खरं, पारखून पारखून थकलं होतं.

मग एकतीसची. ती तर चिक्कीसारखी उडाली, एक तुकडा पत्र्यावर जाऊन आपटला.

"झालं?" मुलगा म्हणाला. तो जिंकत होता, पण चेहरा पांढरा पडला होता. त्या तुकड्यांत त्याला काय दिसत होतं ते मला कळत होतं. मी त्याची आई आहे. पण दया दाखवली असती तर पोरगी घरी बसली असती.

"एक राहिली. मार."

त्याने मारला. चोच वाजली. परत मारला, पार खांद्यातून, सगळा राग काढून. मग मारतच सुटला. चोच वाकली. आणखी वाकली. तुटली नाही.

"वाकली," तो धापा टाकत म्हणाला. "फेल."

"वाकली तर तिला दिसेल, ती उतरेल आणि दुसरी लावेल. तुटली तर बघायला ती उरेल का? तुला घरात ठेवायची असेल तर पोरीला धर, लोखंडाला फेल म्हणू नकोस."

नात म्हणाली, "पप्पा, धरून बघा."

त्याने हातोडा खाली टाकला आणि चहाला निघून गेला.

नवीन जोडी मी चोविसाचीच केली. टोकं किती कडक ठेवायची ते बर्फाच्या लादीवर ठोकून ठरवलं. पहिल्यांदा फार मऊ झाली, टोक दुमडलं. परत केली. दाते मुलाने पाडले नाहीत, मी आणि नातीने कानशीने पाडले. ती निघाली तेव्हा तो लेथवर होता. मशीन बंद केलं नाही.

मधल्या दिवसांत वाकलेली चोच वाइसमध्येच अडकून होती. मी दोनदा काढायला गेले. "राहू दे," तो म्हणाला. वाइसचं काम असलं की शेजारच्या शेडमध्ये जायचा.

नात परत आली ती काळी पडून, ओठ फाटलेले. दोन्ही चोची टेबलावर आपटल्या. टोकं दगडाला लागून बोथट झाली होती. "आजी, धार गेली. परत जायचंय."

मी मुलाकडे बघितलं. त्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, हाताची बोटंसुद्धा. मग वाइसमधली वाकडी चोच काढून भंगारात टाकली, ग्राइंडर चालू केला आणि पाण्याचं डबडं जवळ ओढलं.

"तापून निळी पडू देऊ नकोस, पाणी उतरेल," मी म्हटलं.

"माहीत आहे!" तो खेकसला, आणि चोच पाण्यात बुडवली.