ईशान्येला कल्याण

डोंबिवली आणि कल्याण यांच्यामध्ये एकच स्टेशन, ठाकुर्ली. गाडीत बसून पदर नीट करेपर्यंत कल्याण येतं. माझी आई कल्याणला तळ्याजवळच्या घरात अंथरुणाला खिळली होती आणि मी डोंबिवलीला सासरी स्वयंपाक करत होते. ती आहे तोवर मला तिला भेटायचं होतं. एवढीच माझी मागणी होती, पण आमच्या घरात कुठलीही मागणी पंचांगातून पुढे जायची.

माझे सासरे रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले. सकाळी झोपाळ्यावर बसले की मांडीवर पंचांग आलंच. सगळी आळी त्यांच्याकडे यायची. मुंज, वास्तुशांत, विहिरीची खोदाई, यांचे मुहूर्त काढणं मी समजू शकते. आमच्याकडे न्हाव्यालाही वार होता, नवी केरसुणी घरात आणायलाही वार होता. मला नवं लुगडं नेसायचं तर नक्षत्र बघून परवानगी मिळायची. ते कुणाकडून दमडी घेत नसत, म्हणून त्यांना उलट कुणी बोलत नसे. दक्षिणा घेणाऱ्या भटजीशी निदान घासाघीस तरी करता येते.

कार्तिक सरत आला होता तेव्हा एका सोमवारी माझा थोरला भाऊ कल्याणहून आला. तिथल्या भाताच्या वखारीत तो कारकून होता. ओसरीवर बसून, मान खाली घालून त्यानं सांगितलं की आईच्या पोटात पाणी झालंय, डॉक्टरांनी हात टेकलेत, आणि ती सारखी माझं नाव घेते. आज मला बरोबर न्यावं म्हणून तो आला होता. मी दाराआड उभी होते. माझं गाठोडं मनातल्या मनात बांधूनही झालं होतं.

सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहा सांगितला, चष्मा पुसला आणि म्हणाले, आज सोमवार, पूर्वेला दिशाशूल, पूर्वेकडे निघायचं नाही. भाऊ म्हणाला, मग उद्या येतो. तर मंगळवारी आणि बुधवारी उत्तर वर्ज्य. भावाला कळेना, कल्याण पूर्वेला तर उत्तरेचा काय संबंध. सासरे हसले. अडाण्याला समजावताना हसतात तसं. कल्याण धड पूर्वेला नाही, ईशान्येला आहे, आणि ईशान्येला पूर्वेचेही वार लागतात आणि उत्तरेचेही. सोमवार, शनिवार गेले. मंगळवार, बुधवारही गेले. चहा निवायच्या आत त्यांनी निम्म्याहून जास्त आठवडा संपवला होता. भाऊ एकटाच परत गेला.

ह्यांना मी म्हटलं, उद्याच मला नेऊन सोडा. हे म्हणाले, बाबांना वाईट वाटेल. माझी आई मरत होती आणि वाईट ह्यांच्या बाबांना वाटायचं होतं. मला भयंकर संताप आला. पण त्या काळात सून एकटी उठून गाडीत बसत नसे, आणि मीही बसले नाही.

गुरुवारी सकाळी चांगली वेळ निघाली. पण त्या दिवशी ह्यांना रजा नव्हती, भावालाही नव्हती. त्यावर सासऱ्यांनी तोडगा काढला, प्रस्थान ठेवायचं. ज्याला निघायचंय त्याचं एक वस्त्र, नारळ आणि सुपारी फडक्यात बांधून चांगल्या वेळेला शेजारच्या घरी नेऊन ठेवायची, जायच्या दिशेच्या घरी. वस्त्र निघालं म्हणजे माणूस निघाला. मग तो स्वतः दुसऱ्या दिवशी सवडीनं गेला तरी चालतं. हे ऐकून मला हायसं वाटलं. खोटं का बोलू, त्या घटकेला मला सासऱ्यांबद्दल मायाही वाटली.

माझं निळं लुगडं आणि नारळ घेऊन सासूबाई पूर्वेच्या शेजारणीकडे गेल्या. ती बाहेरची झालेली, मागच्या पडवीत बसलेली, आणि घरात दुसरं बाईमाणूस नाही. तिथं प्रस्थान कसं ठेवणार? वेळ टळत होती. परत येऊन नवऱ्याला विचारायचं, तर उशीर का केला म्हणून बोलणी खावी लागणार. जन्मभर त्या ह्याच धाकात वावरल्या होत्या. त्यांनी ते गाठोडं मुकाट्यानं पश्चिमेच्या घरी नेऊन ठेवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

शुक्रवारी हे दुपारीच घरी आले. मी वेणी घातली, देवाला नमस्कार केला, सासूबाईंनी हातावर दही घातलं. मी उंबऱ्याशी उभी असताना पश्चिमेची शेजारीण लगबगीनं आली. वहिनींचं गाठोडं न्यायचं विसरलात की, म्हणाली. बिचारी चांगल्या मनानं आली होती. सासऱ्यांनी ती कुठल्या बाजूनं आली ते पाहिलं आणि पायानं झोपाळा थांबवला.

"प्रस्थान पश्चिमेला ठेवलंत," ते सासूबाईंना म्हणाले. "पश्चिमेला ठाणं आहे. म्हणजे सूनबाई काल ठाण्याला निघाल्या. त्यांना आज कल्याणला कसं जाता येईल?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते कधी थट्टा करत नसत. शनिवारी पुन्हा दिशाशूल होतं, रविवारी अमावास्या. पुढच्या गुरुवारी बघू, म्हणाले, आणि झोपाळा सुरू झाला. ह्यांनी खाली बसून बूट काढले. आधी एक, मग दुसरा. ह्यांच्याबरोबर मी पुढे सगळा जन्म काढला, मुलं झाली, सुखाचे दिवसही आले, पण ते बूट काढणं मी ह्यांना माफ केलेलं नाही. माझ्या तळहातावरचं दही तसंच वाळलं.

रविवारी उजाडता उजाडता भाऊ आला आणि फाटकातच उभा राहिला. मला कळलं. सासऱ्यांनाही कळलं. "ऊठ, आवर," ते मला म्हणाले, "पहिली गाडी मिळेल. मयताला मुहूर्त लागत नाही." अमावास्या होती, कल्याण ईशान्येलाच होतं, आणि मला कुणी अडवलं नाही.

आईला माझ्यासाठी ठेवलं होतं. मावशीनं सांगितलं, शुक्रवारी मी येणार असा निरोप पोचल्यामुळे तिनं हट्टानं केस विंचरून घेतले होते. गाडीची शिटी ऐकू आली की दाराकडे बघायची. अंधार पडल्यावर तिनं विचारणं सोडून दिलं. मावशीनं हे मला सांगायला नको होतं, असं मला अजून वाटतं.

सुतक संपवून मी डोंबिवलीला परत आले तेव्हा माझं निळं लुगडं घडी घालून फळीवर ठेवलेलं होतं. नारळ दिसला नाही. सासूबाईंनी डोळे चुकवत सांगितलं, तो वालाच्या बिरड्यात घातला. ठेवून कुजला असता, असं मामंजी म्हणाले होते.

दोनेक वर्षांनी एका शुक्रवारी सासऱ्यांच्या छातीत कळ आली. ठाण्याच्या इस्पितळात न्यायचं ठरलं, टांगा दाराशी आला. शुक्रवारी पश्चिम वर्ज्य, हे एव्हाना मला तोंडपाठ होतं. मी आत जाऊन पंचांग आणलं आणि त्यांच्यासमोर धरलं. मुद्दाम धरलं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

"मामंजी, आज शुक्रवार आहे. ठाणं पश्चिमेला."

घामानं त्यांचा सदरा भिजला होता. त्यांनी हातानं पंचांग बाजूला सारलं. "आजाऱ्याला मुहूर्त नसतो," म्हणाले. "शास्त्रातच सांगितलंय." आणि ह्यांच्या खांद्याचा आधार घेऊन टांग्यात बसले.

ते खडखडीत बरे होऊन आले. राहुकाळ टळेपर्यंत टांगा फाटकाबाहेर उभा ठेवला, मगच उंबरा ओलांडला. झोपाळ्यावर बसून त्यांनी दूध मागितलं. मी दूध शेगडीवर ठेवलं आणि परत बाहेर आले. त्या घरात मी त्यांना आपणहून विचारलेला तो पहिलाच प्रश्न. आजाऱ्यासाठी मुहूर्त बघायचा नसतो हे तुम्हाला ठाऊक होतं, तर माझ्या आईच्या वेळी मला का जाऊ दिलं नाहीत?

त्यांना राग आला नाही. उलट शिकवायला मिळालं म्हणून बरंच वाटलं असावं.

"आजारी तुझी आई होती," ते म्हणाले. "प्रवास तुला करायचा होता. तुला काय झालं होतं?"

मला काही झालं नव्हतं. मी ठणठणीत होते. आत दूध उतू चाललं होतं, ते उतरवायला मी गेले.